हद्दीबाहेरचं एक वाक्य

मला बाहेरच्या डॉक्टरकडे जायची परवानगी मिळाली, त्याच आठवड्यात छावणीची हद्द आमच्या गावाच्या दिशेने चालायला लागली.

आमचं गाव आंबेघोळ. तिथून छावणी फार लांब. दोन एसट्या बदलाव्या लागतात, आणि मधल्या स्टँडवरची गाडी चुकली तर त्या दिवशी घरी परतायचं नाव नाही. म्हणून तर परवानगी मिळाली. माझे यजमान, परशराम गावडे, फौजेत हवालदार. ते तेव्हा बर्फातल्या एका चौकीवर होते, जिथे बायकापोरांना नेता येत नाही. अशा जवानाचं कुटुंब हद्दीबाहेर राहत असेल आणि घरात कुणाला मनाचा आजार असेल, तर जवळच्या खासगी डॉक्टरकडे उपचार घ्यावेत, खर्च खातं बघेल, असा नियम आहे. नियम चांगला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

हद्द सरकल्याचं आधी कळलं ते आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना. त्या डेअरीत दूध घालून आल्या, रिकामी किटली पालथी घातली आणि म्हणाल्या, "खिंडीतल्या झाडास्नी रंग दिलाय गं. खाली गेरू, वर पांढरा पट्टा. मिल्ट्रीवानी."

मी बघायला गेले. खिंडीपर्यंतच्या सगळ्या झाडांना कमरेएवढा रंग होता. रस्त्याच्या कडेला चुन्यात बुडवलेले दगड ओळीने लावले होते. शेवटच्या दगडाजवळ एक सुभेदार उभे होते, हातात मापाची फीत, मिशा पिकलेल्या. त्यांच्यामागे चार-पाच जवान घमेल्यात चुना कालवत होते. सुभेदारांच्या छातीवरच्या पट्टीवर इंगवले असं नाव होतं.

"छावणी वाढली का?" मी विचारलं.

"नाही वहिनी. छावणी आहे तिथेच आहे. हद्द पुढे आलीय."

"कशासाठी?"

"मला दगड लावायला सांगितलंय," सुभेदार इंगवले म्हणाले. त्यांनी फीत गुंडाळली, आणि मी उभी होते तिथून थोडं बाजूला व्हायला सांगितलं, कारण पुढचा दगड तिथे यायचा होता.

माझा आजार असा आहे. गेल्या वर्षी सुगी चालू असताना फौजेची एक गाडी आमच्या दारात थांबली. मी ओट्यावर भुईमूग तोडत बसले होते. इंजिन बंद झालं. पुढचं दार उघडून एक साहेब उतरले, त्यांनी टोपी काढून काखेत धरली आणि अंगणातून माझ्यापर्यंत चालत आले. मग त्यांनी विचारलं, "रवींद्र नाईक यांचं घर कोणतं?" मी हात करून दाखवलं. रवींद्र भाऊजीही फौजेत होते. नाईकांचं घर किराणा दुकानाच्या पलीकडे आहे. ते तिकडे गेले.

इंजिन बंद झालं तेव्हापासून साहेबांनी नाव घेतलं तोवर जो वेळ गेला, त्या वेळात माझा नवरा वारला. मी विधवा झाले. नंतर साहेबांनी दुसऱ्याचं नाव घेतलं हे खरं, पण झालेलं काही परत फिरलं नाही. त्याच आठवड्यात ह्यांचा फोन आला. आवाज त्यांचाच होता. मी सगळं नीट बोलले, जेवलात का विचारलं. फोन ठेवला तेव्हा मला वाटलं, किती चांगली माणसं आहेत फौजेत, इतकं हुबेहूब बोलतात.

तेव्हापासून कुठेही गाडी थांबली, इंजिन बंद झालं की मी थांबते. हात जिथे असेल तिथे. तव्यावर भाकरी असेल, तर ती करपते. एकदा तालुक्याच्या गावात मी माझ्या मुलीला, तेजलला, हाताला धरून रस्ता ओलांडत होते. कडेला टेम्पो थांबला, त्याने इंजिन बंद केलं, आणि मी रस्त्याच्या मधोमध थांबले. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. तेजल माझा हात ओढत होती, आणि मला तिची ओढ लांबून कुणी दोरी हलवावी तशी कळत होती. ट्रॅक्टरवाल्याने कडेच्या गटारात घालून गाडी थांबवली. त्यानंतर तेजलला नणंदेकडे निपाणीला ठेवलं. मी बरी झाले की ती परत येणार. असं ठरलंय.

डॉक्टर निलोफर मुल्ला यांचा दवाखाना तालुक्याच्या गावात, बियाणांच्या दुकानाच्या वर आहे. जिन्यात खताचा वास येतो. बाई पन्नाशीच्या असतील, पायात कॅनव्हासचे बूट घालतात, आणि पेशंट बोलत असताना दाढेखाली लवंग धरून बसतात. पहिल्या भेटीत त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असं एखादं वाक्य आहे का, जे तुम्हाला म्हणता येत नाही?"

"आहे."

"कोणतं ते मला कळलंय. आत्ता म्हणू नका. सुरुवात करून बघा, कुठे अडतं ते बघू."

मी म्हणाले, "माझा." पुढे काही आलं नाही. घशात कुणीतरी खुर्ची टाकून बसल्यासारखं झालं.

"बास," डॉक्टर म्हणाल्या. "आजच्यापुरतं हे पुष्कळ झालं."

मी दर आठवड्याला जात राहिले. हद्दही येत राहिली. मी दवाखान्यातून परत येताना बघायची, तर दगड खिंड उतरून ओढ्यापर्यंत आलेले असायचे, मग ओढा ओलांडून मराठी शाळेपर्यंत. मला "माझा नवरा" इथपर्यंत म्हणता यायला लागलं, त्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरासमोरच्या फणसाला गेरू लागलेला होता.

गावात कुणाला वाईट वाटलं नाही. नळाला दोन्ही वेळ पाणी यायला लागलं. रस्ता रोज झाडला जायचा. मोकाट कुत्री गेली. आत्तींना बरं वाटलं, कारण डेअरीच्या रांगेत लोक आता शिस्तीत उभे राहत. सुभेदार इंगवले घरी आले तेव्हा आत्तींनी त्यांना कपबशीत चहा दिला. आमच्याकडे पाहुण्यांनाच कपबशी निघते.

चहा पिऊन सुभेदार म्हणाले, "वहिनी, आता तुमचं घर हद्दीच्या आत आलं. बाहेरचा डॉक्टर बंद. आता छावणीच्या दवाखान्यात जायचं."

"तो किती लांब आहे?"

"होता तिथेच आहे."

"म्हणजे दोन एसट्या."

"हो. पण सगळा प्रवास हद्दीतल्या हद्दीत."

त्यांनी बशी खाली ठेवली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारलं, मुलगी कुठे आहे. मी सांगितलं. मग म्हणाले, "माझी पण सून अशीच गप्प असते."

मी छावणीच्या दवाखान्यात गेले. व्हरांड्यात एक लांब बाक होता, त्यावर बायका बसल्या होत्या, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला मनाच्या डॉक्टरांची खोली होती. मी शेवटी बसले. एकेक बाई उठून आत जायची आणि आम्ही पुढे सरकायचो. आम्ही पुढे सरकलो की बाक तेवढाच लांब व्हायचा. लाकूड तडकल्याचा बारीक आवाज यायचा, मग पुन्हा शांतता. माझ्या शेजारची बाई लोकर विणत होती. तिच्या मांडीवरून विणकाम खाली उतरून फरशीवरून व्हरांड्याबाहेर गेलं होतं.

"काय विणताय?" मी विचारलं.

"मुलाला स्वेटर विणायला घेतला होता. तो मोठा होत गेला, तसा वाढवत गेले."

"आता केवढा आहे मुलगा?"

"फौजेत आहे," ती म्हणाली.

मी शेवटची एसटी सुटायच्या आत उठले. माझी जागा लगेच भरली.

पुढच्या आठवड्यात मी काही न विचारता डॉक्टर मुल्लांकडे गेले. ठरवलं होतं, खात्याने खर्च दिला नाही तर नाही, पदरचे पैसे देऊ. खुर्चीत बसले आणि बोलायला लागले. डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पंखा बंद केला, खिडकी लावली, आणि पुन्हा खुर्चीत बसल्या.

"तुमचे ओठ हलतायत," त्या म्हणाल्या. "आवाज येत नाही."

मी मोठ्याने बोलले. मला माझा आवाज नीट ऐकू येत होता. खाली दुकानाच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसालाही तो गेला असणार, कारण खिडकीच्या काचेतून दिसलं, त्याने वर बघितलं. डॉक्टरांना मात्र गेला नाही.

"तुमचं घर हद्दीत आलं का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मागे एका मेजरसाहेबांच्या मिसेसच्या बाबतीत असंच झालं होतं. इतर पेशंटचं मला सगळं ऐकू येतं. हद्दीतल्या फौजी घरच्या बायकांचं तेवढं नाही." त्यांनी दाढेखालची लवंग बदलली. "माझी वरच्या मजल्यावर एक खोली आहे. आजची रात्र तिथे झोपा. माणूस जिथे झोपतो ते त्याचं घर. सकाळी बघू."

मी कपडे आणायला गावी गेले. पिशवी भरताना आत्ती दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नळाला दोन येळ पाणी आलं, तर तू निघालीस." पण त्यांनी चटणीची बरणी पिशवीत ठेवली, आणि वर फडकं घट्ट बांधून दिलं.

किराणा दुकानापुढे लता नाईक भेटली. रवींद्र भाऊजी गेल्यानंतर ती अंगणवाडीत लागली होती. तिच्या हातात पोषण आहाराची पिशवी होती.

"कुठे निघालीस?" तिने विचारलं.

"तालुक्याला. डॉक्टरीणबाईंकडे राहायला."

ती माझ्याबरोबर थोडं चालली. मग म्हणाली, "हर्षदा, ती गाडी माझ्याकडे आली होती."

"माहीत आहे."

"मग?"

"ती आधी माझ्या दारात थांबली."

लताने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "इतका वेळ थांबली होती?"

"हो."

"मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. शाळेपर्यंत ती माझ्याबरोबर आली आणि मग अंगणवाडीकडे वळली.

सकाळी डॉक्टरांना माझा आवाज ऐकू आला. पहिल्यांदा मी म्हणाले ते, "चहात साखर जास्त झालीय," आणि डॉक्टर हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मग आम्ही खाली दवाखान्यात जाऊन बसलो.

त्या खोलीतले दिवस मला आठवतात ते चांगलेच. सकाळी मी डॉक्टरांसमोर बसायची, दुपारी खिडकीतून रस्ता बघायची. खाली टेम्पो थांबायचे, खताची पोती उतरायची. इंजिन बंद झालं की मी थांबायची, पण आता आधीसारखी पूर्ण थांबत नव्हते. पापण्या हलायच्या. एकदा इंजिन बंद झालं आणि माझा हात कढईतली भाजी हलवतच राहिला. मी हाताकडे बघत बसले. दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा तो नेटाने काम करत होता.

संध्याकाळी तेजलचा फोन यायचा.

"आई, तू बरी झालीस?"

"होतेय."

"किती झालीस?"

"'माझा नवरा' इतकी."

"मग पुढे काय आहे?"

"अजून थोडं आहे."

"आत्याने माझे केस कापलेत," ती म्हणाली. "तू ओळखशील ना?"

"ओळखीन," मी म्हणाले. तिच्या आवाजावर माझा पूर्ण विश्वास होता. तेवढी मी बरी होते.

ह्यांचाही फोन आला. त्यांच्याकडे वारा होता, शब्द तुटत होते. मी त्यांना हद्दीचं सांगितलं.

"घर हद्दीत आलं ते बरंच झालं की," ते म्हणाले. "पहारा असतो. मला इथे काळजी नाही."

"डॉक्टरीणबाईंना ऐकू येत नाही हो, हद्दीत असलं की."

"मोठ्याने बोलायचं."

"बोलून बघितलं."

मग ते म्हणाले, "हर्षदा, एक विचारू? तू माझ्याशी अशी का बोलतेस?"

"कशी?"

"फोटोशी बोलतात तशी."

"तिकडे थंडी आहे का?" मी विचारलं.

"आहे," ते म्हणाले. "मी आत्ता हातमोजे काढलेत, तुझ्याशी बोलायला. बटणं दाबता येत नाहीत नाहीतर." आणि ते जोरात खोकले. तो खोकला मला ओळखीचा वाटला. लग्नाआधी बघायला आले तेव्हा पोह्यातली मिरची लागून ते असेच खोकले होते. फोन ठेवल्यावर मी डॉक्टरांना तो खोकला सांगितला. त्या म्हणाल्या, "उद्या त्याच्यापासून सुरुवात करू."

दुसऱ्या दिवशी मी "माझा नवरा जि" पर्यंत गेले. डॉक्टर टेबलावर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या, आणि मी पुढचं अक्षर शोधत होते, तेवढ्यात जिन्यात बुटांचा आवाज आला. सुभेदार इंगवले दारात उभे राहिले. त्यांच्यामागे एक जवान होता, त्याच्या हातात चुन्यातला ओला दगड होता.

"वहिनी, जिन्याच्या वरच्या पायरीवर एक ठेवायचाय," सुभेदार म्हणाले.

"एवढ्या लवकर?" डॉक्टरांनी विचारलं.

"एसटी स्टँड काल झालं. बाजारपेठ आज सकाळी."

मी खिडकीतून बघितलं. बियाणांच्या दुकानाच्या पायऱ्यांना गेरू होता. रस्त्यावरचा गुलमोहर रंगवून झाला होता. लोक त्याच्या कडेने रांगेत चालत होते, आणि कुणीही रस्त्यात थुंकत नव्हतं.

डॉक्टर उठल्या. त्यांनी पेशंटांसाठी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांपैकी दोन एकात एक घातल्या, पाण्याची बाटली घेतली, आणि मला म्हणाल्या, "चला."

"तुम्ही कशाला?" मी विचारलं. "तुमचे बाकीचे पेशंट आहेत."

"त्यांचं मला कुठेही ऐकू येतं. ते थांबतील." जिना उतरताना त्या म्हणाल्या, "माझे अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. घाटात गाडी बंद पडली तर ते शेवटच्या पॅसेंजरची सोय होईस्तोवर गाडीजवळ थांबायचे. आम्ही घरी ताटं झाकून बसायचो. तेव्हा मला त्यांचा राग यायचा."

आम्ही गावाबाहेरच्या माळावर गेलो. खुर्च्या समोरासमोर टाकल्या. वारा फार होता, पण डॉक्टरांना ऐकू येत होतं. रात्री मी माळावरच्या बंद शाळेच्या व्हरांड्यात झोपायची, डॉक्टर घरी जाऊन सकाळी पिठलं-भाकरी घेऊन यायच्या. "माझा नवरा जिव" इथे बरेच दिवस गेले. मग शाळेच्या घंटेला चुना लागला, तेव्हा आम्ही पुढच्या माळावर गेलो. तिथून काजूच्या बागेत. बाग रंगवायला त्यांना वेळ लागला, कारण झाडं खूप होती. त्या काळात मी "माझा नवरा जिवंत" इथे पोचले.

तो शब्द म्हटला तेव्हा मला घाम फुटला. डॉक्टरांनी बाटली पुढे केली. "एकच शब्द राहिलाय," त्या म्हणाल्या.

"तोच जड आहे."

"कसा जड?"

"तो म्हटला की मला परत वाट बघायला लागणार," मी म्हणाले. "विधवेला वाट बघावी लागत नाही."

डॉक्टरांनी बाटलीचं झाकण लावलं. काजूच्या झाडामागे जवान ब्रश धूत होते, त्याचा आवाज येत होता.

"हे तुम्ही मला आज सांगितलंत," त्या म्हणाल्या. "ऐकू आलं. नीट ऐकू आलं."

काजूच्या बागेच्या पलीकडे धरणाचा फुगवटा आहे. त्याच्यापुढे जमीन नाही. पावसाळा नुकताच संपला होता, पाणी काठोकाठ होतं, आणि बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे त्यातून वर आले होते. आम्ही सकाळी तिथे पोचलो. ऊन चांगलं होतं. डॉक्टरांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खुर्च्या पाण्याच्या कडेला टाकल्या. मी बसले. चप्पल काढून बाजूला ठेवली.

सुभेदार इंगवले आमच्यामागून आलेच. त्यांनी पाण्याकडे बघितलं, फितीकडे बघितलं.

"वहिनी, सध्या तुमचा मुक्काम कुठे धरायचा?" त्यांनी विचारलं. "शाळा आत गेली, बाग आत गेली."

"ह्या खुर्चीत धरा," डॉक्टर म्हणाल्या.

सुभेदारांनी विचार केला. "धरतो," ते म्हणाले. "म्हणजे दगड खुर्चीच्या पुढे गेला की वहिनी आत."

"किती वेळ आहे?"

"चुना कालवायला लागेल तेवढा."

जवानांनी घमेली खाली ठेवली. एकजण पाण्यात उतरून जवळच्या वाळक्या झाडाला गेरू लावायला लागला. झाड पाण्यात असल्यामुळे त्याला कमरेएवढं माप कुठून धरायचं ते कळेना, तेव्हा त्याने वर बघून सुभेदारांना विचारलं. सुभेदार म्हणाले, "पाण्यापासून धर."

डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. त्या दगडांकडे बघत नव्हत्या.

"बोला," त्या म्हणाल्या.

मी ह्यांचे हातमोजे काढलेले हात डोळ्यांपुढे आणले. थंडीने फुटलेली बोटं, उजव्या अंगठ्याचं काळं नख. ते नख आमच्या गोठ्याच्या दारात सापडून काळं झालं होतं, आणि तसंच वाढत गेलं होतं. ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. माझ्याशी हुबेहूब बोलणाऱ्या कुणालाही ते माहीत असणं शक्य नव्हतं, आणि शेवटच्या सुट्टीत त्यांनी त्याच अंगठ्याने तेजलच्या पायातला काटा काढला होता.

"माझा नवरा," मी म्हणाले.

मागे दगड जमिनीवर बसल्याचा आवाज आला. ओला, दबका.

"ऐकतेय," डॉक्टर म्हणाल्या.

"माझा नवरा जिवंत."

दुसरा दगड माझ्या खुर्चीच्या मागच्या पायाशी आला. चुन्याचे थेंब माझ्या टाचेवर उडाले. ते गार होते. सुभेदार म्हणाले, "सावकाश, वहिनींना लागेल," पण ते जवानाला म्हणाले.

मी श्वास घेतला आणि पूर्ण वाक्य म्हटलं. शेवटच्या शब्दासकट. माझ्या कानांनी मी ते ऐकलं. माझ्या अंगातून एक गाडी सुरू होऊन निघून गेल्यासारखं झालं, आणि मला एकदम त्यांची काळजी वाटायला लागली. तिकडे काय खात असतील, खोकल्याला काही घेतलंय की नाही. कितीतरी महिन्यांत मला अशी काळजी वाटली नव्हती. मी रडत होते. मी डॉक्टरांकडे बघितलं.

त्यांनी मान हलवली. नाही अशी.

"ओठ हलले," त्या म्हणाल्या. "ऐकू आलं नाही."

मी खाली बघितलं. तिसरा दगड माझ्या पावलांच्या पुढे होता. अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर, आणि त्याच्याभोवतीचं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं.

"मी म्हटलं," मी म्हणाले. "सुभेदार, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं, वहिनी," सुभेदार इंगवले म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "पण मी डॉक्टर नाही."

डॉक्टर मुल्ला उठल्या. त्यांनी आपली खुर्ची उचलून डोक्याच्या वर धरली आणि त्या पाण्यात चालायला लागल्या. रंगवलेल्या झाडाच्या पुढे गेल्यावर त्या थांबल्या, खुर्ची पाण्यात खाली सोडली, पायाने दाबून तळाशी बसवली, आणि माझ्याकडे वळून वाट बघत उभ्या राहिल्या.

मी माझी खुर्ची घेऊन गेले. तळाला चिखल होता, पाय रुतत होते. त्यांच्यासमोर खुर्ची ठेवली तेव्हा पाणी माझ्या कमरेच्या वर होतं. काठावर सुभेदारांनी पुढचा दगड मागितला.

बसलं तर पाणी गळ्यापर्यंत येणार होतं. आम्ही बसलो.